पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी नको म्हणता, बरोबर आहे. मग लावायची कुठं ते पण सांगा

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींचे सरपंच आणि सदस्य, सुरूच्या बनात नि माडाच्या वाडीत टेंट लावून देणारे समस्त कॅम्पवाले, आणि मुंबईत बसून पर्यटनाची धोरणं लिहिणारे साहेब लोक,

सगळ्यांना नमस्कार.

यंदा जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात गेले होते. नाव लिहीत नाही, कारण असा बोर्ड उद्या शेजारच्या गावात पण लागेल आणि मग भांडण एकट्या त्या गावाशी राहणार नाही. तर गावाच्या तोंडाशी नवा कोरा बोर्ड, पिवळ्यावर काळी अक्षरं. दुचाकी पर्यटकांना किनाऱ्याकडे गाड्या नेण्यास सक्त मनाई, गाड्या एसटी स्टॉपजवळच्या मोकळ्या जागेत लावाव्यात, गाडीची व सामानाची जबाबदारी ग्रामपंचायतीची नाही. मी हेल्मेट काढून वाचतेय तोवर माझ्या बाजूनं तीन फोरव्हीलर आत गेल्या, आरामात. पावती फाडणाऱ्या पोराला विचारलं, या कशा काय गेल्या रे? म्हणाला, त्यांचं बुकिंग आहे ताई. म्हणलं माझं पण बुकिंग आहे, हे बघ मोबाइलवर. तर म्हणतो, हो पण तुमची बाईक आहे ना.

ते "बाईक आहे ना" मला परत कराडला येईपर्यंत पुरलं, अख्ख्या कुंभार्ली घाटात तेच डोक्यात. म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर म्हणाल कोण ही. वय ४६, कराडला औषधाचं दुकान आहे, उंची पाच फूट दीड इंच. गाडी रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५०. ही गाडी घेतली कारण सीटची उंची ७४० मिलिमीटर आहे, माझे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. वजन २४१ किलो, त्यावर दोन बॅगा, टेंट, पाणी, हत्यारं धरून पावणेतीनशेच्या पुढं. डांबरावर ही गाडी लोण्यासारखी चालते, गुहागर-विजापूर रस्ता आमच्या कराडवरनंच जातो, पहाटे निघालं की पाटणला चहा, चिपळूणला मिसळ आणि जेवायच्या आत समुद्र. पण त्याच गाडीला वाळू दिसली की तिची म्हैस होते. चिखलात बसलेली म्हैस, जी तुमच्या म्हणण्यानं उठत नाही. ग्राउंड क्लिअरन्स १३५ मिलिमीटर, म्हणजे वीतभर पण नाही. रिव्हर्स गिअर नाही. सेंटर स्टँड नाही. हे सगळं गाडीचे दोष म्हणून नाही सांगत, अशाच गाड्या घेऊन आता हजारो माणसं तुमच्याकडं येतात आणि तुम्हाला अजून वाटतं की बाईक म्हणजे कॉलेजच्या पोराची शंभर सीसी, दोघांनी उचलून कुठं पण ठेवली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसरं गाव, दुसरा कॅम्प. फोनवर मी सरळ विचारलं होतं, दादा गाडी जड आहे, टेंटपर्यंत येते का? "अगदी टेंटला टेकवा ताई." गेले. पौर्णिमा होती, मुद्दाम चांदणं बघायला गेलेले. पोचले संध्याकाळी पाचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी, सगळं कसं घट्ट आणि मस्त दिसत होतं. टेंट सुरूच्या बनाच्या पुढं, समुद्राच्या अंगाला लावलेले, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल सगळी तुडवून सपाट केलेली. मला तेव्हा अक्कल नव्हती हे मी लिहून देते. गाडी टेंटपासून सहा फुटांवर लावली, साइड स्टँडखाली एक फळीचा तुकडा दिला त्या पोरांनी, आणि आम्ही जेवून झोपलो.

रात्री बाराच्या आसपास धप्प. आधी वाटलं नारळ पडला. बाहेर आले तर गाडी आडवी, हँडल टेंटच्या दोरीत, क्लच लिव्हर वाकडा, टाकीतनं पेट्रोल ठिबकतंय वाळूत. समुद्र अजून पंधरा-वीस पावलं लांब होता पण वाळू वरनं कोरडी नि खालनं पाण्यानं भरलेली, फळीसकट स्टँड आत गेला. सहा फूट इकडं पडली असती तर हे पत्र दुसऱ्या कुणाला तरी लिहावं लागलं असतं. जड गाडी उचलायची एक पद्धत असते, गाडीकडं पाठ करायची, बूड सीटला लावायचं आणि पायाच्या जोरावर मागं रेटत उभं राहायचं. डांबरावर मी ती एकटीनं उचललीय. वाळूत काय होतं, तुम्ही रेटता आणि तुमचेच पाय खाली जातात, गाडी जागच्या जागी सरकते. सहा जण लागले. त्यातला एक जण पाय धरूनच बसला नंतर, अंगठ्यावर क्रॅश गार्ड आला होता बिचाऱ्याच्या.

सकाळी एक कोळी काका आले होते जाळं बघायला, त्यांनी मला दोन मिनिटांत जे शिकवलं ते त्या कॅम्पवाल्याला माहीत नसेल असं होऊच शकत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पुनव म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात पुनवेला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीला असतो तसा भांग, म्हणजे लहान भरती, नव्हे. म्हणजे मी पाच वाजता जी घट्ट वाळू बघितली ती सव्वाअकराला कशी असणार हे गावातलं पाचवीतलं पोर सांगू शकलं असतं. हेदवीची बामणघळ बघायला येणाऱ्यांना तुम्ही बरोबर सांगता, अमक्या वेळेला या, भरतीला पाणी उडतं. मग टेंट लावताना हे गणित कुठं जातं?

आता मुद्द्यावर येते. मुद्दे सारखे नाहीत, काही मोठे आहेत काही एका ओळीचे, सांभाळून घ्या.

पहिला, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. गाडी लावायला टणक जागा. आम्हाला समुद्राला टेकून गाडी नकोच आहे हो. बनाच्या अलीकडं, वाडीत, घराच्या मागच्या अंगणात, कुठं पण द्या. फक्त खाली वाळू नको आणि उतार नको. साइड स्टँडचा पाय केवढा असतो माहितीय का? काडेपेटीएवढा. त्या काडेपेटीवर गाडी कललेली असते रात्रभर. त्यासाठी काँक्रीट ओता असं मी म्हणत नाही, सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, मला पण कळतात, भरतीरेषेच्या जवळ पक्कं बांधकाम करायला लागलात तर मीच विरोधात उभी राहीन. तुमच्याकडं जांभा दगड आहे. तीस-पस्तीस चिरे घ्या, सिमेंट न लावता नुसते एकाला एक भिडवून बसवा, एक गाडी उभी राहील एवढा ओटा होतो, जमिनीच्या लेव्हलला, पावसाळ्यात उचलून ठेवता येतो. टेंटच्या एका सीझनच्या गाद्यांना याच्यापेक्षा जास्त पैसे जात असतील. मी एका ठिकाणी हे बघितलंय, एका काकींच्या वाडीत, त्यांनी खळ्याच्या कडेला चिऱ्यांची एक पट्टी टाकली होती मुलाच्या बुलेटसाठी, मला म्हणाल्या लाव गो इथं, इथं ती पडायची नाही. मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाडीची काळजी न करता झोपले. त्यांच्याकडं टेंट पण नव्हते, वाडीत माझाच टेंट लावू दिला, नि सकाळी घावन खायला घातलं.

ज्यांना एवढं पण जमत नसेल त्यांनी निदान करवंटी तरी देऊ नका. खरंच, स्टँडखाली नारळाची करवंटी दिली होती मला एकानं. कडक आवाज आला आणि संपलं.

दुसरा मुद्दा, खरं बोला. मोठं हॉटेल मागत नाही मी, फोनवर खरं उत्तर मागतेय. आम्हाला शेवटच्या दोन-तीनशे मीटरचा रस्ता विचारायचा असतो. तुम्ही सांगता "रस्ता चांगलाय". येऊन बघावं तर पाणंद एवढी की दोन्हीकडच्या गडग्याला बॅगा घासतात, नाहीतर पाखाडी, नाहीतर मधेच साकव, त्याच्या दोन फळ्या निघालेल्या. पाखाडीच्या पायऱ्यांवर स्कूटी चढवता तुम्ही रोज, मला कौतुकच आहे त्याचं, पण १३५ मिलिमीटरवाली गाडी पहिल्या पायरीवर पोट टेकून बसते आणि मग ना पुढं ना मागं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पाखाडी आहे तर पाखाडी आहे, तिचं सौंदर्यच आहे ते. फक्त सांगा की आहे. मी लांब लावीन, चालत येईन, किंवा दुसरीकडं जाईन. रीळमध्ये ड्रोन लावून समुद्र दाखवता तसा एकदा मोबाइल हातात धरून डांबर संपतं तिथनं टेंटपर्यंत चालत या आणि तो व्हिडिओ टाका. बस, त्यातनं आम्हाला सगळं कळतं.

आणि ते "आम्ही लावतो ना गाडी, तुम्ही उतरा ताई" हे कृपा करून बंद करा. चांगल्या मनानं म्हणता हे कळतं. पण बाई दिसली की किल्ली मागायची आणि मग आयुष्यात पहिल्यांदा साडेसहाशे सीसीचा क्लच सोडायचा, तो पण वाळूत, याच्यात माझी गाडी दोनदा पडलीय. मी कराडवरनं घाट उतरून ती चालवत आणलीय ना, शेवटचे वीस फूट पण आणीन.

तिसरा मुद्दा तो बोर्ड. सरपंच साहेब, मला तुमची बाजू माहीत नाही असं समजू नका. पुळणीवर गाड्या पळवणारे आमच्यातलेच आहेत. वाळूत गोल गोल फिरवून व्हिडिओ काढायचे, सायलेन्सर काढून रात्री दोनला गाव उठवायचं, आणि फोरव्हीलरवाले पण काही कमी नाहीत, दर सीझनला कुठल्या तरी किनाऱ्यावर कुणाची तरी गाडी भरतीत अडकते आणि गावचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. त्यात ऑलिव्ह रिडले कासवं. थंडीत मादी रात्री भरतीबरोबर वर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते, पिल्लं निघायला दीडेक-दोन महिने लागतात. गाडीच्या चाकानं वाळू दाबली जाते, आणि चाकोरी पडली की टीचभर पिल्लू त्यातच धडपडत राहतं, समुद्रापर्यंत पोचत नाही. वेळासच्या लोकांनी ही कासवं वाचवायला काय काय केलं हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तेव्हा पुळणीवर चाक नको, कुणाचंच नको, दंड लावा, जबर लावा, माझा पाठिंबा. दोन वर्षांपूर्वी माझं पेट्रोल ज्या वाळूत सांडलं त्याची मला आजही लाज वाटते.

पण तुमच्या बोर्डानं पुळण नाही वाचवली. तुमचा बोर्ड पुळणीच्या पाऊण किलोमीटर अलीकडं आहे! त्यानं फक्त दोन चाकं आणि चार चाकं यांच्यात भेद केला. चारचाकीवाला वाडीच्या आत, झाडाखाली, कंपाउंडात गाडी लावतो, डिकीला कुलूप असतं. माझी गाडी रात्रभर स्टॉपवर, बॅगा कापडी, त्यातलं सगळं सामान काढून, टेंट, हेल्मेट, जॅकेट, गॅसची शेगडी, सगळं खांद्यावर घेऊन मी एकटी बाई पाऊण किलोमीटर अंधारातनं चालत जायचं. स्ट्रीट लाइट किती होते माहितीय? दोन, त्यातला एक चालू. आणि वर जबाबदारी आमची नाही. मग पावती कशाची फाडली माझ्याकडनं? मी हे त्या पोराला विचारलं नाही, त्याला काय विचारायचं, तुम्हाला विचारतेय.

मी परत फिरले त्या दिवशी. अंधार पडायच्या आत चिपळूण गाठलं, लॉजवर झोपले. माझे माणशी बाराशे रुपये, जेवणाचे, सोलकढीचे, घरी न्यायच्या कोकमाचे नि आंबापोळीचे, तुमच्या गावात पडले असते ते लॉजवाल्याला गेले. तुम्हाला त्याचं काही नाही हे पण मला दिसतं.

चौथा मुद्दा मुंबईच्या साहेबांसाठी, थोडक्यात. २०२० ला बीच शॅकचं धोरण आणलंत, आठ किनारे निवडलेत, त्यात गुहागर होतं, आरे-वारे होतं, दिवेआगर होतं. २०२१ ला कॅरॅव्हॅनचं धोरण आणलंत, त्यात कॅरॅव्हॅन पार्क कसा असावा, पाणी, वीज, सगळा विचार केलात. चांगलं केलंत, तक्रार नाही. पण कोकणात कॅरॅव्हॅन किती दिसतात आणि बाइका किती दिसतात हे एकदा डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी धोपाव्याच्या जेट्टीवर उभं राहून मोजा. गुहागर तालुका दोन खाड्यांच्या मधे आहे, उत्तरेला दाभोळची, दक्षिणेला जयगडची, किनाऱ्या-किनाऱ्यानं जायचं तर फेरीबोटीत गाडी घालावीच लागते, त्यामुळं मोजायला सोपं जाईल. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे पूल झाले की ही गर्दी अजून वाढणार. रस्ता तुम्ही बांधताय, पण त्यावरनं येणारी दुचाकी रात्री थांबणार कुठं याचा विचार कुठल्या कागदावर आहे का? असेल तर दाखवा, मी जाहीर माफी मागते.

(फेरीबोटीवरच्या पोरांचं मात्र कौतुक. ओहोटीला रॅम्प खाली झुकलेला, लोखंडी, ओला, आणि तरी ती पोरं जड गाडी बघितली की आपणहून म्हणतात ताई थांबा, आधी फोरव्हीलर घेऊ, तुम्ही शेवटी सरळ या, मधे ब्रेक मारू नका. कुणी शिकवलं असेल त्यांना? कुणीच नाही, रोज बघतात म्हणून कळतं.)

बाकीचं पटपट. गोड्या पाण्याचा एक नळ हवा गाडी धुवायला, खाऱ्या वाऱ्यात एक रात्र उभी राहिली तरी चेनवर तांबूस दिसायला लागतं, बादलीचे पैसे घ्या वाटल्यास. टॉयलेटला आतनं लागणारी कडी हवी, दोरी नको. रात्री सुरूच्या बनात हॅलोजन लावू नका, पिल्लं उजेडाकडं जातात आणि आम्हाला पण तारे बघायचे असतात. शेकोटी सुरूच्या सुया पडलेल्या असतात तिथं करू नका, मी विझवलीय एकदा, पाण्याच्या बाटलीनं.

तर मागणी काय आहे ते साध्या शब्दांत.

ग्रामपंचायतींनी: पुळणीवर सगळ्याच वाहनांना बंदी करा, पण गावात जिथं चारचाकीला आत सोडता तिथं बुकिंग असलेल्या दुचाकीला पण सोडा. नसेल सोडायचं तर बनाच्या अलीकडं, कॅम्पच्या हाकेच्या अंतरावर एक टणक जागा ठरवा, तिथं दोन दिवे लावा, रात्री एक माणूस ठेवा, आणि त्याचे पैसे घ्या. गाडीमागं शंभर रुपये मी हसत देईन, पण मग पावतीवर "जबाबदारी नाही" लिहू नका.

कॅम्पवाल्यांनी: भरतीरेषेच्या आत टेंट लावणं बंद. दोन गाड्यांपुरते जांभ्याचे ओटे, आणि डांबरापासून टेंटपर्यंतचा खराखुरा व्हिडिओ. जागा नसेल तर नाही म्हणून सांगा, मी रागावणार नाही.

पर्यटन खात्यानं: पुढच्या वेळी कॅम्पसाइटची नोंदणी, नियम, काही पण लिहायला घ्याल तेव्हा त्यात दुचाकीच्या पार्किंगचा एक रकाना घाला. जमीन कशी, उतार किती, शेवटच्या टप्प्याची रुंदी किती. तीन प्रश्न आहेत, अर्धं पान पण नाही.

आणि आमच्या रायडर मंडळींनो, हे वाचत असाल तर तुम्ही पण जरा. पुळणीवर काढलेला तो एक व्हिडिओ खाली घ्या. त्याच्यामुळं बोर्ड लागतात.

कार्तिक संपला की मी परत खाली उतरणार आहे, तिथी बघून, अष्टमीच्या आसपास. येताना डिकी नाही त्यामुळं चिरे आणू शकत नाही, पण स्टँडखाली घालायला कारखान्याच्या जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे चार तुकडे कापून घेतलेत, एक माझ्यासाठी, तीन वाटायला. ज्या गावाचा बोर्ड बदललेला असेल त्या गावात तीन ठेवून येईन.

आपली,
एक गिऱ्हाईक
कराड